कच्च्या डीएनए फाइलवरून आपला वंशांश घरच्या संगणकावर कसा काढावा

डीएनए चाचणीचा अहवाल येतो तेव्हा त्यात एक रंगीत नकाशा असतो आणि शेजारी टक्के: दक्षिण आशियाई ९७, मध्य आशियाई २ आणि कुठून तरी उगवलेला १ टक्का फिनिश. हे आकडे कसे निघाले, ते मात्र अहवालात नसतं. तेच गणित स्वतः मांडलं की लक्षात येतं, निम्मं उत्तर आपल्या लाळेत असतं आणि निम्मं आपल्याला कोणाच्या पंक्तीला बसवलं त्यात. मराठी माणसाच्या बाबतीत तर ही पंक्तच अपुरी आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

लागणारं सगळं फुकट मिळतं. ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप, ५० जीबी मोकळी जागा, जनुकीय डेटा गाळायला-जोडायला प्लिंक हा प्रोग्रॅम (१.९ आणि २ या दोन्ही आवृत्त्या), आणि वंशाचे टक्के काढायला ॲडमिक्श्चर हा प्रोग्रॅम. ॲडमिक्श्चर फक्त लिनक्स आणि मॅकवर चालतो, त्यामुळे विंडोजवाल्यांनी आधी त्यातली लिनक्स उपप्रणाली सुरू करून घ्यावी. आलेख काढायला आर किंवा पायथन असेल तर उत्तम, पण हजारभर ओळींसाठी साधी स्प्रेडशीटही पुरते.

एक गोष्ट आधीच. ही फाइल एकट्या तुमची नसते, तुमच्या आई-वडिलांची आणि भावंडांची निम्मी माहिती तीत आहे. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली होती. म्हणून ‘फाइल टाका, वंश कळवतो’ म्हणणाऱ्या फुकट संकेतस्थळांवर ती चढवू नका. लागणाऱ्या फाइली उतरवून घेतल्या की पुढचं सगळं काम इंटरनेट बंद ठेवूनही होतं.

फाइल तपासणे

कंपनीच्या खात्यातून कच्चा डेटा उतरवून घ्या. आत साधी मजकूर-फाइल असते, सहा ते सात लाख ओळींची. प्रत्येक ओळीत मार्करचं, म्हणजे डीएनएवरच्या तपासलेल्या जागेचं नाव, गुणसूत्र, त्यावरचं स्थान आणि दोन अक्षरं. ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीच्या फाइलमध्ये ही दोन अक्षरं जोडून असतात, अँसेस्ट्री कंपनीच्या फाइलमध्ये दोन वेगळ्या रकान्यांत. प्लिंकचा ‘ट्वेंटीथ्री-फाइल’ हा आदेश पहिला प्रकार थेट वाचतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही रकाने एकत्र करा, न वाचलेल्या जागी असलेल्या शून्याच्या जागी आडवी रेघ घाला, आणि २३ ते २६ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या ओळी सरळ काढून टाका. आपल्याला १ ते २२ एवढीच हवी आहेत.

आता आवृत्ती पाहा. स्थानांचे आकडे जीनोमच्या कोणत्या संदर्भ-आवृत्तीनुसार दिलेत, ते चुकलं तर पुढचं सगळंच मातीत जातं. तपासायची सोपी युक्ती अशी: फाइलमध्ये आरएस३१३१९७२ हा मार्कर शोधा. पहिल्या गुणसूत्रावर त्याचं स्थान ७५२७२१ असेल तर फाइल आवृत्ती ३७ ची, ८१७३४१ असेल तर ३८ ची, आणि ७४२५८४ दिसलं तर ती फार जुनी, ३६ ची. बहुतेक कंपन्या ३७ देतात. तुलनेचा डेटाही त्याच आवृत्तीचा घ्यायचा.

किती जागा न वाचलेल्या आहेत तेही मोजा. एक-दोन टक्के नेहमीचेच. पाचाच्या वर गेल्या तर नमुना नीट आलेला नाही असं समजा आणि पुढच्या निकालांवर फार भार टाकू नका.

पंक्तीला कोण?

सुरुवातीला १००० जीनोम्स प्रकल्पाचा तिसरा टप्पा घ्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संचात २६ लोकसमूहांतले २,५०४ जण आहेत आणि तो आवृत्ती ३७ वर आहे. मूळ फाइली प्रचंड आहेत, पण प्लिंक २ च्या संकेतस्थळावर त्याच माहितीची आटोपशीर प्रत मिळते. ती घ्या.

या संचात दक्षिण आशियातले ४८९ जण आहेत: ह्यूस्टनमधले गुजराती १०३, ब्रिटनमधले तेलुगू १०२, ब्रिटनमधलेच श्रीलंकेचे तमिळ १०२, लाहोरचे पंजाबी ९६ आणि बांगलादेशातले बंगाली ८६. यादी पुन्हा वाचा. भारताच्या भूमीवर घेतलेला यात एकही नमुना नाही, आणि मराठी गट तर नाहीच. पॅरिसच्या केंद्राकडे असलेल्या मानवी जीनोम विविधता संचाची गतही तीच: दक्षिण आशियासाठी त्यात बलुची, ब्राहुई, मकरानी, सिंधी, पठाण, बुरुशो, कलाश, हजारा असे पाकिस्तानातलेच गट आहेत. भारत सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पाने ८३ लोकसमूहांतले जवळपास १० हजार जीनोम वाचले आहेत, पण ते फरिदाबादच्या केंद्राकडे रीतसर अर्ज करणाऱ्या संशोधकांसाठी आहेत, घरबसल्या उतरवून घेण्यासाठी नाहीत. तेव्हा हातात असलेल्यावर भागवायचं, आणि निकाल वाचताना ही उणीव डोक्यात ठेवायची.

जागतिक तुलनेसाठी एवढे पुरतात: नायजेरियातले योरुबा १०८, युटातले उत्तर-पश्चिम युरोपीय वंशाचे ९९, बीजिंगचे हान १०३, आणि दक्षिण आशियाच्या पाचही गटांतून प्रत्येकी २० जण. ४८९ च्या ४८९ घातले तर पुढे काढायच्या आलेखाचे अक्ष त्यांच्याकडे झुकतात. ज्याची गर्दी जास्त, त्याच्यातले बारीक फरक जास्त ठळक दिसतात. कॅरिबियन आणि अमेरिकेतले मिश्र वंशाचे गट पहिल्या फेरीत घेऊ नका.

गाळणे आणि जोडणे

क्रम महत्त्वाचा आहे. तुलनासंचात ८.४ कोटींहून जास्त जागा आहेत, त्या सगळ्यांसकट जोडायला गेलात तर लॅपटॉप मान टाकेल. आधी तुमच्या फाइलमधल्या जागांची यादी काढा आणि तुलनासंचातून तेवढ्याच उचला. मार्करची नावं दोन्हीकडे जुळतीलच असं नाही, म्हणून दोन्ही फाइलींत प्रत्येकाला ‘गुणसूत्र:स्थान’ असं नवं नाव द्या. एकाच स्थानावर दोन नोंदी असतील तर दोन्ही काढा. दोनच पर्यायी अक्षरं असलेल्या, एका अक्षराच्या बदलाच्या जागा ठेवा, बाकीच्या सोडा.

यानंतर ए-टी आणि सी-जी जोड्या काढून टाका. डीएनएच्या समोरासमोरच्या धाग्यांवर ए समोर टी आणि सी समोर जी असतो, त्यामुळे कोणता धागा वाचलाय हे या जोड्यांवरून कळत नाही. चिपवर अशा जागा थोड्याच असतात, नुकसान फारसं नाही.

मग जोडणी. पहिल्या प्रयत्नात प्लिंक बहुधा थांबतो आणि न जुळणाऱ्या जागांची यादी वेगळ्या फाइलमध्ये काढून देतो. यादी शे-दोनशेंची असेल तर त्या जागा वगळून पुन्हा जोडा. ती हजारांत गेली तर वगळण्याची घाई करू नका, आवृत्ती चुकली आहे किंवा धागा उलटा आहे. आवृत्ती बरोबर असल्याची खात्री करून यादीतल्या जागा ‘फ्लिप’ करा, म्हणजे समोरच्या धाग्याची अक्षरं घ्या, आणि पुन्हा जोडून पाहा. उरलेल्या वगळा.

जोडलेल्या संचाला या चाळण्या लावा:

- ज्या जागा दोन टक्क्यांहून जास्त लोकांत वाचल्याच गेल्या नाहीत त्या बाद.
- विरळ अक्षराचं प्रमाण एक टक्क्याहून कमी असेल तर बाद.
- नातेवाईक बाद. प्लिंक २ मध्ये किंग-कटऑफ ०.०८८४ ठेवलं की सख्खी भावंडं, काका-पुतणे एवढ्या जवळच्या जोड्यांतला एक जण निघतो.
- एकमेकांना चिकटून वारशाने जाणाऱ्या जागा विरळ करा: ५० जागांची खिडकी, ५ ची सरक, मर्यादा ०.२.
- सहाव्या गुणसूत्राचा २.५ ते ३.५ कोटी आणि आठव्याचा ८० लाख ते १.२ कोटी हा पट्टा पूर्ण काढा. हे लांबलचक गठ्ठे वंशाशी संबंध नसलेला अक्ष तयार करतात.

हार्डी-वाइनबर्गची चाळणी (अक्षरजोड्यांचं प्रमाण अपेक्षेबाहेर असलेल्या जागा काढणारी) सगळ्यांना एकत्र लावण्याचा सल्ला जागोजागी दिलेला असतो. तो इथे ऐकू नका. योरुबा, हान आणि गुजराती एकाच ढिगात घातले की गटागटांत वेगळं प्रमाण असलेल्या जागा त्या चाळणीत ‘दोषी’ ठरतात, आणि आपल्याला हव्यात नेमक्या त्याच जागा. लावायचीच असेल तर एकेका गटाला वेगळी लावा.

शेवटी साधारण एक-दोन लाख जागा उरतात. खंडांमधला फरक दिसायला दहा हजारही पुरतात, पण भारतातल्या भारतात फरक पाहायचा तर लाखाच्या खाली जाऊ नका.

पीसीए आणि त्यातला मोठा गैरसमज

पीसीए म्हणजे लाखभर जागांमधला फरक मोजक्या अक्षांवर मांडण्याची पद्धत. प्लिंकला दहा अक्ष काढायला सांगा. पहिल्या दोन अक्षांचा आलेख काढला की तीन कोपरे दिसतात: एकात योरुबा, एकात युरोपीय, एकात हान. अक्षाची दिशा उलटसुलट येऊ शकते. आज आफ्रिका डावीकडे, उद्या उजवीकडे, त्याला काही अर्थ नाही. अक्ष किती टक्के फरक दाखवतो हे काढताना छापून आलेल्या दहा आकड्यांच्या बेरजेने भागू नका, एकूण फरकाने भागा, नाहीतर आकडा फुगतो.

दक्षिण आशियाई माणसं युरोपीय आणि हान यांना जोडणाऱ्या बाजूच्या अध्येमध्ये पडतात, युरोपीयांकडे जरा झुकलेली. आणि इथेच बहुतेक जण घसरतात: ‘म्हणजे आपण युरोपीय अधिक चिनी!’ तसं नाही. कोपऱ्यांवर कोण आहे हे आपण ठरवलंय. या उपखंडात हजारो वर्षं राहिलेल्या प्राचीन लोकांचा अमिश्रित प्रतिनिधी संचात नाही, मग त्यांचा वाटा आलेखाला जो कोपरा त्यातल्या त्यात जवळचा, त्याच्याकडे सरकवला जातो. यात पापुआचे नमुने घालून पाहा, पुढच्या अक्षांवरचं चित्र लगेच बदलेल.

दुसरा सापळा फसवा आहे. तुमच्या फाइलमध्ये रिकाम्या जागा जास्त असतील तर तिथे सरासरी धरली जाते आणि तुमचा ठिपका आलेखाच्या मध्याकडे ओढला जातो. भारतीयांची जागाही मध्याच्या आसपासच असते, त्यामुळे फाइल बिघडलेली असूनही निकाल बरोबर वाटतो. म्हणून तुमच्या किती जागा वाचल्या गेल्या हे जोडणीनंतर पुन्हा एकदा पाहाच.

खरी मजा दुसऱ्या फेरीत आहे. फक्त ४८९ दक्षिण आशियाई आणि तुम्ही. चाळण्या नव्याने लावा, कारण विरळ-ठळक प्रमाणं आता बदलली आहेत. पहिल्या अक्षावर एका टोकाला पंजाबी, दुसऱ्याकडे तेलुगू आणि तमिळ अशी लांब उतरण दिसते. बंगाली त्या उतरणीतून पूर्व आशियाच्या वाट्यामुळे बाजूला झुकलेले. गुजरात्यांमधले बरेच जण दाट घोळका करून वेगळे बसतात: एकाच ज्ञातीत पिढ्यानपिढ्या लग्नं झाल्याची ही खूण. महाराष्ट्रातले नमुने बहुधा या उतरणीच्या मधल्या भागात पडतात, पण कुठे ते जिल्ह्यापेक्षा समाजावर जास्त ठरतं. एकाच गावातली दोन घरं उतरणीवर एकमेकांपासून लांब असू शकतात.

ही उतरण २००९ च्या अभ्यासात प्रथम नीट मोजली गेली. त्यात बहुतेक भारतीय गट दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले दिसले आणि उत्तरेकडच्या पूर्वजांचा वाटा ३९ ते ७१ टक्के निघाला. हे मिसळणं साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झालं, असं २०१३ च्या अभ्यासाने दाखवलं. २०१९ मध्ये प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएवरून चित्र तीन धाग्यांचं झालं: इथले मूळचे शिकारी-संकलक, सिंधू परिसरातले इराणी शेतकऱ्यांशी दूरचं नातं असलेले लोक, आणि नंतर आलेले स्टेपवासी, म्हणजे युरेशियाच्या गवताळ प्रदेशातले लोक. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राखीगढीच्या एका स्त्रीचा जीनोम प्रसिद्ध केला. तिच्यात स्टेपचा वाटा सापडला नाही.

एखादा अक्ष एकाच माणसाला बाकीच्यांपासून तोडून दाखवत असेल तर तो वंशाचा अक्ष नव्हे. तो नमुना खराब आहे किंवा जवळचे नातेवाईक गाळायचे राहिलेत. तो माणूस काढा आणि पुन्हा चालवा.

ॲडमिक्श्चरचे टक्के

या प्रोग्रॅमला ‘के’ म्हणजे किती घटक मानायचे हे आपणच सांगतो, आणि आलेखात प्रत्येक घटकाला एक रंग मिळतो. जागतिक संचावर के ३ ते ७ चालवा, प्रत्येक के साठी वेगवेगळ्या बीज-आकड्यांनी (सुरुवात कुठून करायची ते ठरवणाऱ्या) दहा वेळा, आणि उलटतपासणीचा, म्हणजे थोडी माहिती लपवून अंदाज किती चुकतो ते पाहण्याचा पर्याय चालू ठेवा. दहातले निकाल एकमेकांशी जुळले नाहीत तर त्या के चा निकाल टाकून द्या.

के ३ ला तुमच्या नावापुढे ‘युरोपीय’ रंगाचा मोठा हिस्सा दिसेल आणि थोडा हान रंग. के ४ केलं की दक्षिण आशियाचा स्वतंत्र रंग निघतो आणि तो युरोपीय हिस्सा बराचसा त्यात विरघळतो. लाळ तीच, फाइल तीच, फक्त एक आकडा बदलला. कंपनीने अहवाल ‘अद्ययावत’ केल्यावर तुमचे टक्के का हलतात, ते इथे उघड दिसतं.

उलटतपासणीची चूक सर्वांत कमी असलेला के म्हणजे ‘खरा’ के, असंही मानू नका. २००२ मध्ये ५२ लोकसमूहांतल्या १,०५६ जणांवर अशाच पद्धतीने काम झालं. के ५ ला आफ्रिका, युरेशिया, पूर्व आशिया, ओशनिया आणि अमेरिका असे गट पडले. के ६ ला सहावा गट निघाला तो कलाशांचा, चित्रालच्या दऱ्यांतल्या काही हजार लोकांचा. कलाश म्हणजे मानवजातीची सहावी शाखा नव्हे. लहान समाज दीर्घकाळ अलग राहिला की त्याच्यातल्या अक्षरांचं प्रमाण निव्वळ योगायोगाने भरकटतं आणि प्रोग्रॅम त्याला वेगळा रंग देतो. त्याच अभ्यासात एकूण विविधतेपैकी ९३ ते ९५ टक्के फरक एकाच लोकसमूहातल्या माणसामाणसांत निघाला. रंगीत पट्ट्या पाहताना हा आकडा हमखास विसरला जातो.

हे टक्के कधी विश्वासाचे? मिश्रण अलीकडचं असेल, मूळ समूह एकमेकांपासून खूप वेगळे असतील आणि ते सगळे आपल्या संचात असतील तेव्हा. गुजरात-कर्नाटकातल्या सिद्दींचा आफ्रिकी वाटा म्हणूनच स्वच्छ दिसतो, आणि कोकणातल्या बेने इस्रायलींचा मध्यपूर्वेकडचा वाटाही तपासून सिद्ध करता आला. चार हजार वर्षांपूर्वीच्या मिश्रणाचे टक्के या पट्ट्यांवरून वाचणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. त्यासाठी ॲडमिक्सटूल्स या दुसऱ्या प्रोग्रॅम-संचातली एफ-३ चाचणी आहे: तिचा झेड (उत्तर शून्यापासून किती प्रमाणित चुकांइतकं दूर आहे ते सांगणारा आकडा) उणे ३ च्या खाली गेला तर मिश्रणाचा पुरावा पक्का. मात्र उत्तर ऋण आलं नाही म्हणून मिश्रण झालंच नाही असं ठरत नाही, अंतर्विवाही समाजात भरकटण्यामुळे खूण झाकली जाते. आणि एकट्याच्या फाइलवर ही चाचणी करू नका, गटातले पाच-दहा जण तरी हवेत.

एक-दोन टक्क्यांच्या खालचे सगळे तुकडे गोंगाट समजा. तो फिनिश १ टक्का त्यातलाच.

आते-मामे भावंडांची लग्नं आणि फुगलेली नाती

हे प्रकरण आपल्याकडे जगाच्या नकाशापेक्षा जास्त उपयोगी आहे. प्लिंकच्या ‘होमोझिग’ आदेशाने जीनोमचे असे सलग पट्टे शोधता येतात जिथे आईकडून आणि वडिलांकडून आलेली प्रत हुबेहूब एक आहे. यासाठी विरळ केलेला संच घेऊ नका, सहा-सात लाख जागांची मूळ फाइलच हवी. किमान लांबी १५ लाख अक्षरं ठेवा, खिडकी ५० जागांची. सगळ्या पट्ट्यांची बेरीज करून तिला सुमारे २८८ कोटींनी भागा.

मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या जोडप्याच्या अपत्यात हे प्रमाण सरासरी ६.२५ टक्के, म्हणजे १८ कोटी अक्षरांच्या आसपास येतं. मामा-भाचीच्या लग्नात १२.५. प्रत्यक्षात यापुढेमागे बरंच हलतं. पट्ट्यांची लांबीही पाहा: एक कोटीहून लांब मोजके पट्टे असतील तर नातं अलीकडच्या पिढ्यांतलं. पंधरा-वीस लाखांचे पुष्कळ तुकडे असतील तर समाजच मुळात थोड्या घरांपासून वाढलेला. २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत अशी आरंभीची आकुंचनं फिन किंवा अश्कनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आढळली.

म्हणूनच कंपनीने दाखवलेले ‘चौथे चुलत भाऊ’ आपल्याकडे ढिगाने निघतात. एकाच ज्ञातीतल्या दोघांत लहान-लहान समान तुकडे साठत जातात आणि बेरीज फुगते. ७ सेंटिमॉर्गनखालचे (हे वारशातल्या डीएनए-तुकड्याच्या लांबीचं माप) तुकडे सोडा, बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा किती आहे ते पाहा. हुबेहूब पट्ट्यांचं प्रमाण जास्त आलं म्हणजे आजार आहे असं नव्हे. पण घरात लग्न ठरत असेल आणि आनुवंशिक आजाराचा इतिहास असेल तर जनुकीय सल्लागाराकडे जा, घरच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. दुसऱ्या कोणाच्या फाइलवर ही चाचणी करण्याआधी त्याला विचारा, कारण घरात कधीच न बोललेल्या गोष्टीही तिच्यातून बाहेर येतात.

हॅप्लोग्रुप

थोडक्यात आटपतो. हॅप्लोग्रुप म्हणजे एकाच पूर्वजापासून सरळ रेघेत आलेल्यांचा गट. वाय गुणसूत्राचा गट फक्त बापाच्या बापाच्या बापाची रेघ सांगतो, मायटोकाँड्रियाचा फक्त आईच्या आईची. दहा पिढ्या मागे तुमच्या वंशवृक्षात १,०२४ जागा असतात, त्यातल्या दोघांबद्दलची ही माहिती. आर-वन-ए पोलंडपासून बंगालपर्यंत सापडतो, त्यावरून जात, गोत्र किंवा कुळी निघत नाही. तसं सांगून पैसे घेणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा.

निकाल कोणाला दाखवताना चित्राखाली चार गोष्टी लिहा: कोणते गट घेतले आणि प्रत्येकातून किती जण, शेवटी किती जागा उरल्या, के किती आणि बीज-आकडा कोणता, प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती. प्लिंक प्रत्येक वेळी लॉग फाइल ठेवतो, ती पुसू नका. सहा महिन्यांनी नवा संच मिळाला आणि तुमचा ठिपका सरकला, तर काय बदललं हे त्या फाइलीवरूनच शोधावं लागतं.